सळई रिकामी होईपर्यंत

गटारशेट हे नाव त्यांना पहिल्यांदा कुणी ठेवलं याबद्दल आजही एकमत नाही. आचारी म्हणतो वेटरांनी ठेवलं, वेटर नगरपालिकेतल्या कारकुनांवर ढकलतात, आणि मालकीणबाई, म्हणजे शेटांची बायको, छातीठोकपणे सांगतात की ते त्यांनीच ठेवलं, भर जेवणाच्या गर्दीत, हातात डाव घेऊन, संतापाने. कुणीही ठेवलेलं असो, नाव चिकटलं. शेटांना त्याचा राग कधी आला नाही. उलट दारात कुणी अनोळखी माणूस घुटमळताना दिसला की ते गल्ल्यावरूनच हाक मारायचे, "या, या, गटारशेट मीच. बसा. आधी सूप घ्या, मग तक्रार सांगा."

हॉटेल तसं साधंच. बसस्थानकाच्या मागच्या रस्त्यावर, खाली दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. सूप, पाव, अंडी, उकडलेल्या भाज्या, कधीमधी मासे. चवीचं म्हणाल तर बेताची. मालकीणबाईही खासगीत हे कबूल करतात. पण ताट वेळेवर यायचं, आणि बस पकडायची असलेल्या माणसाला चवीपेक्षा वेळेचं कौतुक जास्त असतं.

हे वेळेवर येणं शेटांच्या एका सवयीवर उभं होतं. वेटर ऑर्डर चिठ्ठीवर लिहून आणायचा आणि आचारी ती भट्टीशेजारच्या सळईत खोचायचा. लाकडी ठोकळ्यात रोवलेली टोकदार सळई, हातभर उंच. ताट बाहेर गेलं की चिठ्ठी ओढून काढायची, फाडायची, भट्टीत टाकायची. एकदा नव्या आचाऱ्याने झालेली चिठ्ठी तशीच राहू दिली आणि एकाच माणसापुढे तीच अंडी दोनदा गेली. शेट आठवडाभर धुसफुसत होते. "ज्याचं पोट भरलं त्याची चिठ्ठी कशाला सांभाळायची? सांभाळायची ती उपाशी बसलेल्याची," असं ते येता-जाता ऐकवायचे. आणि दुसरा नियम त्यांनी स्वतःलाच घालून घेतला होता: सळईवर एक जरी चिठ्ठी असली तरी मालकाने जेवायचं नाही. दुपारची गर्दी ओसरून सळई मोकळी झाली की ते मागच्या बाकावर बसायचे आणि मालकीणबाई त्यांच्यापुढे ताट ठेवायच्या. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघांचं बोलणं व्हायचं ते तेवढ्या वेळातच. मालकीणबाईंच्या मते तीच संसाराची चांगली वर्षं.

लेक पाच-सहा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात त्या रस्त्यावरची माणसं पटापट आजारी पडू लागली. उलट्या, जुलाब, ताप. त्यांत शेटांची नेहमीची गिऱ्हाइकं बरीच, म्हणून बोट हॉटेलकडे वळलं. आरोग्य खात्याचा माणूस दाराला कुलूप लावून गेला. शेट खचले. त्यांनी भांडी घासली, भिंती घासल्या, फरशी खरवडली, आणि तरी त्यांचं समाधान होईना. एवढ्यात लेकच आजारी पडली. तिने महिनाभर हॉटेलातला घासही घेतला नव्हता, फक्त वरच्या घरातलं नळाचं पाणी ती प्यायली होती. तेव्हा कुठे शेटांच्या डोक्यात उजेड पडला. ते कुदळ घेऊन मागच्या बोळात उतरले आणि खणत सुटले. पिण्याच्या पाण्याचा पाइप सरळ गटारातून नेलेला होता आणि गंजून त्याची चाळण झाली होती.

पाइपाचा एक तुकडा त्यांनी तसाच, चिखलासकट, पालिकेतल्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेबाने नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "लेखी द्या." शेटांच्या खिशात कागद कुठला असणार? ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचं पॅड तेवढं होतं. त्यावर त्यांनी लिहून दिलं, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवली. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. तो म्हणाला, माझंही लिहा. त्याच्या मागे आणखी दोघी होत्या. शेट घरी आले तेव्हा दिवस कलला होता आणि खिसा चिठ्ठ्यांनी फुगला होता.

वरच्या खोलीत लेक तापाने फणफणली होती. मालकीणबाई तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होत्या.

"कुठे होतात?"

"पालिकेत. पाइप सापडला."

"आधी हिच्या अंगाला हात लावून बघा."

"अगं, पाइप बदलला की कुणालाच ताप येणार नाही," शेट म्हणाले. बोलणं खोटं नव्हतं. पण त्या क्षणी ते मालकीणबाईंच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. दुसऱ्या दिवशी शेट पुन्हा पालिकेत गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. लेक बरी झाली. पाइपही बदलला, हॉटेलचं कुलूपही निघालं. चिठ्ठी फाडून भट्टीत गेली. शेट मात्र पालिकेतून परत असे आलेच नाहीत.

गल्ल्याजवळ दुसरी सळई उभी राहिली, तक्रारींची. लोक सूप प्यायला येत आणि तुंबलेलं गटार लिहून जात. वेटरांना तर खेळच मिळाला. "एक टोमॅटो सूप, दोन पाव, आणि कोपऱ्यावरचा दिवा बंद!" अशी आरोळी ठोकून ते दोन्ही चिठ्ठ्या एकदमच आणायचे. शेटांची काम करवून घ्यायची रीतही हॉटेलातलीच. ते कधी मोर्चा काढत नसत, आवाज चढवत नसत. कारकुनाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून, ऑर्डर देऊन बसलेल्या गिऱ्हाइकासारखे निवांत बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने मान वर करून विचारायचे, "आमचं अजून किती वेळ?" या प्रश्नाने भलेभले कारकून रडकुंडीला आले. बसस्थानकावर बायकांसाठी संडास झाला, पुलाच्या पायऱ्यांवर दिवे लागले, शाळेशेजारचा उकिरडा हलला, वरच्या वस्तीला नळ मिळाला. प्रत्येक वेळी शेट घाईघाईने स्वयंपाकघरात यायचे, चिठ्ठी फाडायचे, भट्टीत टाकायचे, आणि पुढच्या चिठ्ठीला हात घालायचे. एकदा लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं. शेट सपाटून आपटले. ज्यांची कामं झाली होती त्यांना ती आठवेनात, आणि ज्यांची राहिली होती त्यांना ती चांगली आठवत होती.

माणूस चांगला होता, यात वाद नाही. पण चांगल्या माणसाशी संसार करणं म्हणजे काय, ते मालकीणबाईंना विचारा. हॉटेल त्यांनी चालवलं. आचारी पळाला की भट्टीसमोर त्याच उभ्या राहिल्या, कोपरापर्यंत भाजून घेतलं. लेकीची शाळा, तिचं आजारपण, स्वतःच्या आईचं शेवटचं दुखणं, सगळं त्यांनी एकटीने काढलं. तक्रारींची सळई कधीच मोकळी होत नसे, त्यामुळे शेट जेवायचे ते उभ्याउभ्या, पावाचा तुकडा तोंडात कोंबून, अपराध्यासारखे. मागच्या बाकावर दोघांनी एकत्र बसणं बंद झालं. रात्री मालकीणबाई सळईवरच्या उरलेल्या चिठ्ठ्या तारेत ओवून पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या, म्हणजे सकाळी सळईवर जागा होईल. तेवढाच त्या कागदांशी त्यांचा संबंध. एकही त्यांनी वाचला नाही. सवतीची पत्रं कोण वाचतं?

म्हातारपणी शेट पालिकेच्याच जिन्यात पडले. डोक्याला मार बसला, आणि त्यानंतर त्यांची आठवण हळूहळू विरत गेली. आधी कालचं गेलं, मग मागल्या वर्षीचं, मग माणसांची नावं. डॉक्टरांनी हात टेकले. पण खरं सांगायचं तर मालकीणबाईंना तो काळ जड गेला नाही. शेट घरात होते. सकाळी खाली येऊन मागच्या बाकावर बसायचे, वेटरांकडे बघून हसायचे, दिलेलं ताट मुकाट्याने संपवायचे. हॉटेल आता लेक बघत होती. गल्ल्याजवळची सळई तिने माळ्यावर ठेवून दिली होती, डब्यांबरोबर. मालकीणबाई शेटांच्या शेजारी बसून मटार सोलायच्या आणि वर्षानुवर्षांचं साठलेलं त्यांना सांगत राहायच्या. ते ऐकत होते की नाही, कुणास ठाऊक. पण उठून तरी जात नव्हते.

ही शांतता मोडली ती कौतुकाने. लेकीचा बापावर भारी जीव. बाबांचं काम कुठेतरी नोंदलं जावं म्हणून तिने शहराच्या जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्याला कळवलं, आणि तिथल्या एक बाई आल्या. चष्मा, सुती हातमोजे, बोलणं मऊ. मालकीणबाईंनी मनातल्या मनात त्यांचं नाव दप्तरबाई ठेवूनही टाकलं. दुपारी हॉटेल बंद असताना लेकीने माळ्यावरून डबे उतरवले आणि दप्तरबाईंनी चिठ्ठ्या टेबलांवर पसरल्या. प्रत्येक चिठ्ठीला मधोमध भोक. काहींवर तेलाचे डाग. शेट आपल्या बाकावर बसून पाहत होते.

बऱ्याच वेळाने दप्तरबाईंनी चष्मा काढला. "यात झालेल्या कामांचे कागद दिसत नाहीत. ते कुठे ठेवलेत?"

"ते होय? ते भट्टीत," मालकीणबाई म्हणाल्या.

लेकीचा चेहरा पडला. तिला सळईची रीत जन्मापासून ठाऊक होती, पण त्या रीतीचा असा अर्थ होतो हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. "म्हणजे उद्या कुणी हे वाचलं तर त्याला वाटणार, बाबांनी आयुष्यात एकही काम तडीस नेलं नाही!"

"असं बघू नका," दप्तरबाई म्हणाल्या. "झालेलं काम पालिकेच्या दप्तरात सापडतं. न झालेलं कुणीच लिहून ठेवत नाही. कुणी काय मागितलं आणि कुणाला मिळालं नाही, हे सांगणारा एवढा मोठा साठा मी तरी पाहिला नाही. सोमवारी गाडी घेऊन येते. एकही कागद हलवू नका." आणि त्या मनापासून बोलत होत्या, हे मालकीणबाईंनाही कळलं.

त्या गेल्या, आणि शेट बाकावरून उठले. त्यांनी एक चिठ्ठी उचलली. मग दुसरी. त्यांना बायकोचं माहेर आठवत नव्हतं, पण स्वतःचं अक्षर वाचता येत होतं. "खालच्या आळीत पाणी नाही," त्यांनी वाचलं. "कसाईबाजारात नाली उघडी. मूल पडलं." ते एकामागून एक वाचत गेले.

"अगं, हे सगळं राहिलंय," ते म्हणाले. "यातलं एकही झालं नाही."

"अहो, जी झाली ती तुम्हीच फाडलीत. ही उरलेली आहेत."

शेटांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ती पालिकेची कारकून होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची सळई मागून घेतली, मावतील तेवढ्या चिठ्ठ्या एकेक करून तिच्यात खोचल्या आणि समोर आलेलं ताट बाजूला सारलं. लेकीला वाटलं भूक नसेल. मालकीणबाईंनी मात्र आधी सळईकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"लोक ताटावर बसून आहेत," शेट म्हणाले. "मी कसा जेवू?"

समजावून झालं, रागावून झालं, डॉक्टरांनी येऊन पाहून झालं. शेट पाणी प्यायचे, कधी चहाचा घोट घ्यायचे. घास म्हणाल तर नाही. लेकीने एक युक्ती काढली. "बाबांना झालेली कामं प्रत्यक्षच दाखवू," ती म्हणाली. दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पुलापर्यंत नेलं. संध्याकाळ होती. पायऱ्यांवरचे दिवे लागलेले, माणसं भराभर चढत-उतरत होती.

"बघा बाबा. हे दिवे तुम्ही आणलेत."

शेटांनी मान वर करून दिव्यांकडे नीट पाहिलं. "हे तर पहिल्यापासून आहेत."

"नव्हते हो! इथे अंधार असायचा. माणसं पडायची."

शेटांनी जाणाऱ्या एका तरुण बाईला थांबवलं. "ताई, हे दिवे इथे कधीपासून आहेत?"

"पहिल्यापासूनच आहेत की, आजोबा," ती म्हणाली आणि पिशवी सावरत निघून गेली. तिचा काय दोष? ती जन्मली तेव्हा दिवे होतेच. शेटांनी लेकीच्या हातावर थोपटलं, खोटं बोलणाऱ्या पोरीला माफ करावं तसं.

घरी येताना ते रस्त्यातच थांबले आणि रडू लागले. मालकीणबाईंनी एवढ्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. लेक मरणाच्या दारात होती तेव्हाही नाही. "मी सगळ्यांना फसवलं," ते म्हणत होते. "लिहून घेतलं आणि काही केलं नाही. आधी सूप पाजलं आणि फसवलं." मालकीणबाईंना त्यांची दया आली, आणि रागही आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. ज्या कामासाठी या माणसाने घर वाऱ्यावर सोडलं, ते काम झालं होतं एवढं तरी त्याला माहीत असायला नको? दोन्हीकडून बुडाला की हा.

मग लेकीने डबे लपवले. सळईही लपवली. त्याने तर आणखीच बिघडलं. शेटांनी सगळं घर उलटंपालटं केलं, आणि रविवारी सकाळी, दोघी भाज्या निवडत असताना, अनवाणीच निघून गेले. सापडले ते पालिकेच्या बंद दारासमोरच्या पायरीवर. राखणदार त्यांना ओळखत होता, त्याने पाणी दिलं होतं. शेट त्याला विचारत होते, "आमचं अजून किती वेळ?"

त्यांना रिक्षात घालून आणलं. चढताना मालकीणबाईंनी त्यांच्या दंडाला धरलं तर हाताला नुसतं हाड लागलं. डबे परत खाली आले, सळई परत बाकासमोर ठेवली. दुपारी लेक उद्याचे मासे सांगायला बाजारात गेली. जाताना म्हणाली, "आई, आजचा दिवस कसा तरी काढ. उद्या दप्तरखान्याची गाडी कागद घेऊन गेली की सुटलो."

मालकीणबाईंना ते पटलं नाही. सुटलो कसले? कागद गेले तर शेटांच्या लेखी कुणीतरी ऑर्डरी पळवल्या, एवढाच अर्थ. माणसं तशीच ताटावर, आणि आता तर त्यांची चिठ्ठीही नाही. हा माणूस पालिकेच्या पायरीवर बसून मरेल. त्यांनी भट्टीचं दार उघडलं, निखारे वर काढले, आणि स्टूल ओढून शेटांच्या समोर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "पहिली चिठ्ठी."

शेटांनी सळईवरची वरची चिठ्ठी काढली. "खालच्या आळीत पाणी नाही."

"झालं."

शेटांनी डोळे बारीक केले. आठवण गेली होती, पण गडी अजून पक्का होता. "कधी झालं? कुणी केलं?"

"मागच्या महिन्यात. तुम्हीच पाठ सोडली नाहीत साहेबाची. दोन नळ बसले, एक विहिरीजवळ आणि एक धोब्याच्या दुकानापाशी."

"तोट्या पितळी की लोखंडी?"

"पितळी. बायका रोज चिंचेने घासतात."

शेटांनी चिठ्ठी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातली. मग त्यांनी चिठ्ठी फाडली, आणि मालकीणबाईंनी तुकडे भट्टीत टाकले.

खालच्या आळीत पाणी आजही नाही. पाण्याची गाडी येते, तीही मनात आलं तर. मालकीणबाईंना हे ठाऊक होतं. त्यांची भांडी घासणारी तिथूनच येते. आणि दप्तरबाई काय म्हणाल्या होत्या, तेही त्या विसरल्या नव्हत्या. हात चालत होता आणि मन खात होतं. पण एकदा सुरुवात केल्यावर थांबायची सोय राहिली नाही. शेट वाचायचे, त्या सांगायच्या. कसाईबाजारातली नाली झाकली, वर जाड फरशी टाकली, आता त्यावर पोरं खेळतात. गिरणीमागच्या धुराड्याला जाळी लागली. आंधळ्या वळणावर आरसा बसला. नुसतं झालं म्हणून भागत नव्हतं. शेट खोदून खोदून विचारायचे, आणि प्रत्येक खोट्याला मालकीणबाईंना दार-खिडक्या बसवाव्या लागत होत्या. जन्मात न वाचलेल्या चिठ्ठ्या त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या. कुणाचं छप्पर, कुणाची वाट, कुणाच्या म्हातारीला उतरायला धड पायरी. एवढी माणसं आपल्या नवऱ्यापाशी येऊन बसत होती, आणि आपल्याला त्यांचा फक्त राग येत होता, हे त्यांना तिथे स्टुलावर बसल्या बसल्या कळत गेलं.

लेक परतली तेव्हा दोन डबे रिकामे झाले होते. दारातच ती थिजली.

"आई! काय करतेयस तू? हे बाबांचं सगळं आयुष्य आहे!"

"आयुष्य बाकावर बसलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याने पाच दिवस काही खाल्लेलं नाही."

लेकीने धावत जाऊन शेवटचा डबा छातीशी धरला. शेट त्रासून तिच्याकडे वळले. "उभी काय राहिलीस? माणसं थांबलीत. वाच पुढची." त्यांच्या गालांवर कितीतरी दिवसांनी थोडी तरतरी आली होती. लेकीने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग ती जमिनीवर बसली, डब्याचं झाकण काढलं आणि वाचू लागली. पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्या तिला नीट वाचताच आल्या नाहीत. पुढे एका चिठ्ठीपाशी मालकीणबाईंना काही सुचेना, तेव्हा लेकच म्हणाली, "झालं बाबा. मी काल स्वतः बघून आले."

सूर्य मावळायच्या आत शेवटचा डबाही रिकामा झाला आणि सळईही मोकळी झाली. शेटांनी तिच्यावरून बोट फिरवून खात्री करून घेतली. "जेवायला वाढा," ते म्हणाले.

लेक डोळे पुसत वर गेली. मालकीणबाईंनी सूप गरम केलं, पाव भाजला, मागच्या बाकावर ताट ठेवलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. शेटांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला. मालकीणबाईंना एकदम दमल्यासारखं झालं. तेवढ्यात शेटांनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं, आदबीने, परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"बाई, तुम्ही मघापासून उभ्या आहात. बसा ना. तुमचं काय काम होतं?"

मालकीणबाईंनी "काही नाही" म्हणायला हवं होतं. त्यांनाही ते समजत होतं. पण दुपारभर इतक्या लोकांची गाऱ्हाणी ऐकली होती, आणि हा माणूस खिशातून पॅड काढून, पेन्सिल ओली करून, खरोखरच ऐकायला बसला होता. असं ऐकायला तो त्यांच्यासमोर आजवर कधीच बसला नव्हता. त्या बाकाच्या टोकावर बसल्या.

"माझा नवरा घरी येत नाही," त्या म्हणाल्या.

शेटांनी लिहून घेतलं. अक्षर वाकडं आलं, पण सगळं लिहिलं. "किती दिवस झाले?"

"लेक लहान होती तेव्हापासून."

"अरेरे. आणि आजवर कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं कुणाला? तोच सगळ्यांचं ऐकून घेत होता."

शेटांनी मान हलवली. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "बघतो मी. उद्या सकाळीच जातो," ते म्हणाले. पॅडवरची चिठ्ठी सोडवून त्यांनी ती मोकळ्या सळईत नीट मधोमध खोचली. आणि समोरचं ताट दूर सारलं.

"अहो, जेवा ना. गार होतंय."

"नाही बाई. चिठ्ठी आहे सळईवर."

सूप जवळजवळ तसंच भरलेलं होतं. मालकीणबाई त्या एकुलत्या एक चिठ्ठीकडे पाहत राहिल्या. दुपारभर त्यांनी साऱ्या शहराची कामं करून टाकली होती. पण हे एक सांगायला जीभ उचलेना. हे जर झालं म्हटलं, तर मग त्यांच्यापाशी उरलं काय? शेट वाट पाहत बसले होते, हात मांडीवर ठेवून. मनगटं काठ्यांसारखी झाली होती.

"झालं ते," मालकीणबाई म्हणाल्या.

"झालं? आत्ता तर लिहिलं."

"आला तो घरी."

शेटांनी डोळे बारीक केले. "कधी?"

"आत्ताच. तुम्ही लिहीत होतात तेव्हा."

"नक्की? पुन्हा जाणार नाही ना?"

"नाही. आता कुठे जातोय."

शेटांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग सळईवरची चिठ्ठी काढली, फाडली, आणि तुकडे त्यांच्या हातात दिले. मालकीणबाई उठल्या, ते भट्टीत टाकले, आणि परत येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. शेटांनी ताट पुढे ओढलं आणि पाव सुपात बुडवला.

"चला, तुमचं एक तरी चांगलं झालं," ते म्हणाले, आणि जेवू लागले.